निम्मं गाव विद्यार्थ्यांचं

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक गणित घालते. वही नको, तोंडी सोडवा. एका गावाची वस्ती आहे ६६ हजार. त्यातले ३० हजार म्हणजे कॉलेजात शिकणारे विद्यार्थी. परीक्षा संपली, सुटी लागली आणि सगळे विद्यार्थी आपापल्या घरी निघून गेले. तर गावात मागे किती माणसं उरली?

छत्तीस हजार. शाब्बास! पण हे गणित पुस्तकातलं नाही, बरं का. असं गाव खरंच आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात आहे आणि त्याचं नाव आहे एम्स. (दिल्लीचं मोठं हॉस्पिटल ते हे नव्हे! रेल्वेमार्ग उभारणीत पुढे असलेल्या ओक्स एम्स नावाच्या माणसावरून गावाला हे नाव मिळालं.) तिथे आयोवा स्टेट युनिव्हर्सिटी आहे. माझा धाकटा भाऊ परभणीला शेतीचा पदवीधर झाला आणि पुढच्या अभ्यासाला तिथे गेला. त्याच्याकडे मी २०२३ च्या उन्हाळी सुटीत सहा आठवडे राहून आले. अमेरिका म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर न्यूयॉर्कच्या उंच उंच इमारती येतात ना? एम्समध्ये तसं काहीसुद्धा नाही. गावाबाहेर पडलात की दोन्ही बाजूंना काळीभोर माती आणि क्षितिजापर्यंत मक्याची नाहीतर सोयाबीनची शेतं. मला तर क्षणभर मराठवाड्यातच आल्यासारखं वाटलं. फक्त बांधावर बाभूळ नव्हती, आणि बांधही नव्हता!

जवळचं मोठं शहर म्हणजे राज्याची राजधानी, डि मॉइन. इंग्रजीत हे नाव लिहिताना त्यात दोन ‘एस’ येतात आणि उच्चारताना एकही नाही. स्पेलिंग चुकलं म्हणून ज्यांना बोलणी बसतात, त्यांनी हे नाव अवश्य लक्षात ठेवावं.

मी पोचले तेव्हा विद्यापीठाची परीक्षा चालू होती. ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत भरलेलं. बसमध्ये पोरं उभ्या उभ्या टिपणं वाचतायत. कुणी झाडाखाली, कुणी जिन्यात. आपल्याकडे दहावीच्या आदल्या दिवशी घरात जे वातावरण असतं ना, ते सगळ्या गावाला लागलेलं! मग पदवीदानाचा समारंभ झाला. आईबाप लांबलांबून गाड्या घेऊन आले. काळे झगे घातलेली मुलं फोटो काढून घेत होती आणि आजीआजोबा डोळे पुसत होते. तेवढं मात्र जगात सगळीकडे सारखंच.

आणि दोनच दिवसांत गाव रिकामं झालं. बसमध्ये मी आणि चालक असे दोघेच. खाण्याच्या दुकानांत खुर्च्या मोकळ्या. रस्त्याच्या कडेला सोफे, टेबलं, दिवे, गाद्या ठेवलेल्या. गावी नेणं परवडत नाही, म्हणून मुलं सामान सोडून जातात. माझ्या भावाच्या घरातलं अभ्यासाचं टेबल असंच कुणीतरी सोडून गेलेलं आहे. त्याच्या खालच्या बाजूला तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत तीन नावं आहेत. म्हणजे माझा भाऊ त्या टेबलाचा निदान चौथा धनी!

सगळेच जातात असं नाही. माझ्या भावासारखे संशोधन करणारे उन्हाळाभर तिथेच राबतात. बाकीचे ऑगस्टमध्ये परत येतात, आणि त्यांच्याबरोबर नवे कोरे हजारो. वर्षानुवर्षं दर उन्हाळ्यात रिकामं व्हायचं आणि दर पावसाळ्याच्या शेवटी भरायचं, असं हे गाव. आमची पंढरपूरची मंडळी हे वाचून हसतील. त्यांना यात्रेनं गाव भरणं-ओसरणं काही नवीन नाही.

आता तुम्ही विचाराल, एवढी मुलं राहतात कुठे, खातात काय, आणि पैसे कुठून आणतात? बरीच मुलं शिकता शिकता काम करतात. भोजनगृहात ताटं धुतात, ग्रंथालयात पुस्तकं लावतात, गवत कापतात. गावात ‘सायराइड’ नावाची बससेवा आहे. तिच्यातले कितीतरी चालक स्वतःच विद्यार्थी! सकाळी बस चालवायची आणि दुपारी वर्गात जाऊन बसायचं. विद्यार्थ्यांना तिकीट नाही, कारण त्याचे पैसे फीमध्येच घेतलेले असतात. परदेशातून आलेल्या विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम करायची परवानगी नाही, आणि तेही विद्यापीठाच्या आवारातच. माझा भाऊ प्राध्यापकांच्या हाताखाली काम करतो, त्याचा पगार मिळतो आणि फीही भरावी लागत नाही. घरी असताना पाण्याचा पेला स्वतः उचलून न ठेवणारा हा मुलगा तिथे स्वैपाक करतो, संडास घासतो आणि दर रविवारी कपड्यांची बादली घेऊन धुण्याच्या यंत्राशी रांगेत उभा राहतो. आमच्या आईला मी हे फोनवर सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. पालकांनी या ओळी मुलांना जरा मोठ्याने वाचून दाखवायला हरकत नाही!

संसारी विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाने वेगळी वसाहत बांधली आहे. बैठी, एकमजली-दुमजली घरं आणि मध्ये खेळायला मोकळी जागा. माझी भाची तेव्हा दुसरीत होती. तिच्याबरोबर झोपाळ्यावर खेळणाऱ्या मुलांत एक चीनची होती, एक नायजेरियाची, दोन भाऊ इराणचे आणि एक बांगलादेशची. सगळ्यांचे आईबाप शिकायला आलेले. घरात प्रत्येकाची भाषा वेगळी, झोपाळ्यावर सगळ्यांची इंग्रजी. भांडणं मात्र आपल्यासारखीच, ‘माझा नंबर आधी!’

सकाळी पिवळी शाळेची बस यायची. बस थांबली की तिच्या अंगातून थांबा लिहिलेली एक लाल पाटी बाहेर यायची, आणि त्या रस्त्यावरची मागची-पुढची सगळी वाहनं जागच्या जागी उभी! मोठे ट्रकसुद्धा. एक सात वर्षांची पोरगी दप्तर सावरत रस्ता ओलांडते आहे आणि सगळा रस्ता तिच्यासाठी थांबलेला आहे. मी शिक्षिका आहे, मला हे दृश्य रोज पाहावंसं वाटे. रोज पाहायचेही.

हिवाळा मी पाहिला नाही, पण भावाने त्याच्या गोष्टी भरपूर सांगितल्या. जानेवारीत रात्री पारा शून्याच्या खाली वीस-पंचवीस अंशांपर्यंत उतरू शकतो. घरापुढच्या पायवाटेवरचं बर्फ ज्याचं त्याने ठरावीक वेळेत फावड्याने काढायचं, असा नगरपालिकेचा नियम आहे. उन्हाळ्याचं संकट वेगळंच. तिथे जमिनीवर टोर्नेडो होतात, म्हणजे सोंडेसारखी गरगर फिरणारी वादळं. म्हणून गावात मोठे भोंगे बसवले आहेत, आणि ते नीट वाजतात की नाही हे अधूनमधून वाजवून बघतात. पहिल्यांदा भोंगा ऐकला तेव्हा मी भाचीला उचलून तळघराकडेच निघाले होते. ती म्हणाली, ‘आत्या, अगं नुसती चाचणी आहे!’ १० ऑगस्ट २०२० ला मात्र चाचणी नव्हती. त्या दिवशी ‘डेरेचो’ नावाचं सरळ रेषेत धावणारं प्रचंड वादळ आयोवावरून गेलं. एम्समधली झाडं पडली आणि वीज गेली. शेतातला उभा मका तर असा झोपला, की जणू कुणी रूळ फिरवला.

या वादळावरून एक गंमत आठवली. विद्यापीठाच्या खेळाडूंना ‘सायक्लोन्स’ म्हणजे चक्रीवादळं म्हणतात. १८९५ साली इथल्या फुटबॉल संघाने नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाला ३६-० असं हरवलं. तेव्हा शिकागोच्या वर्तमानपत्राने प्रतिपक्षावर वादळ कोसळलं, अशा अर्थाचा मथळा दिला. तेच नाव चिकटलं. पुढे १९५४ साली संघासाठी सोंग बनवायचं ठरलं. पण वादळाचं सोंग कसं घेणार? मग लाल कार्डिनल पक्षी घेतला आणि त्याचं नाव ठेवलं ‘साय’. बससेवेचं नावही त्यावरूनच. (त्यांचा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नाही. तो लांबट अंड्यासारखा असतो आणि बराचसा हातातच धरून पळतात. त्याला फुटबॉल का म्हणतात, हे मला कुणी पटवून देऊ शकलं नाही.)

पण हे एवढं मोठं विद्यापीठ मक्याच्या शेतांच्या मधोमध कशासाठी? आडगावी कुणी कॉलेज काढतं का? याचं उत्तर १८६२ मध्ये आहे. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, अब्राहम लिंकन अध्यक्ष होते. त्या वर्षी त्यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. केंद्र सरकारने राज्यांना जमिनी द्यायच्या, त्या विकून आलेल्या पैशांतून राज्यांनी शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं चालवायची. तोवर कॉलेज म्हणजे श्रीमंतांच्या मुलांनी जुन्या भाषा शिकायची जागा. आता शेतकऱ्याच्या, सुताराच्या पोरांना दार उघडलं. हा कायदा सर्वांत आधी स्वीकारणारं राज्य म्हणजे आयोवा. इथल्या कॉलेजात १८६९ पासून वर्ग भरू लागले, आणि पहिल्या दिवसापासून मुलीही होत्या. १८७२ साली पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात २४ मुलगे आणि २ मुली. पुढे अमेरिकेतल्या स्त्रियांना मताचा अधिकार मिळवून देणाऱ्या लढ्याच्या पुढारी कॅरी चॅपमन कॅट याही इथल्याच, १८८० च्या पदवीधर.

या कायद्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. सरकारने वाटलेल्या जमिनी मुळात तिथल्या आदिवासी जमातींच्या होत्या. त्यांना हुसकून लावून, नाहीतर नाममात्र मोबदला देऊन त्या घेतलेल्या होत्या. एम्समधून एक ओढा वाहतो. त्याच्या जुन्या नावात आदिवासी स्त्रियांना हिणवणारा शब्द होता. २०२१ साली ते नाव बदललं, आणि ज्या आयोवे जमातीवरून राज्याला नाव मिळालं तिचंच नाव ओढ्याला दिलं. मी त्या ओढ्याकाठी बसले होते. पाणी संथ, काठावर झुडपं, संध्याकाळी काजवे. आपल्याकडे पावसाच्या तोंडावर चमकतात तसेच.

कॉलेज सुरुवातीला गावापासून दोन मैलांवर, रानात होतं. १८९१ मध्ये दोन्हींच्या मध्ये ‘डिंकी’ नावाची वाफेची छोटी आगगाडी सुरू झाली, ती १९०७ पर्यंत धावली. पण मला त्याहून आवडली ती दुसऱ्या गाडीची गोष्ट. पेरी होल्डन नावाचे प्राध्यापक होते. शेतकरी घरात साठवलेला मका तसाच पेरायचे, निम्मे दाणे उगवायचेच नाहीत. होल्डनसाहेब म्हणाले, शेतकरी वर्गात येत नाही ना, मग वर्गच त्याच्याकडे नेऊ! १९०४ साली त्यांनी आगगाडी घेतली, डब्यांत तक्ते आणि बियाणं भरलं, आणि एकेका स्टेशनवर गाडी थांबवून शेतकऱ्यांना डब्यातच धडा दिला : कणीस कसं निवडायचं, दाण्याची उगवण आधी कशी तपासायची. मुलांनो, तुम्ही विज्ञानाच्या तासाला ओल्या फडक्यात मटकी बांधून मोड मोजता ना? त्यातलाच प्रकार. आपल्या देशात १९६० नंतर कृषी विद्यापीठं निघाली, ती अमेरिकेतल्या अशाच विद्यापीठांच्या धर्तीवर. राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही नावं तुमच्या ओळखीची आहेतच. म्हणजे माझा भाऊ परभणीहून एम्सला गेला, तो एका अर्थी नातेवाइकांकडेच गेला.

एक सांगून ठेवते. आयोवातला तो अफाट मका पाहून तुमच्या तोंडाला पाणी सुटलं असेल, तर थांबा. लिंबू-मीठ लावून भाजून खायचा तो हा मका नव्हे. त्याचा मोठा वाटा जातो जनावरांच्या खाद्याला आणि गाड्यांत घालायचं इथेनॉल काढायला. आयोवात माणसांपेक्षा डुकरं जास्त आहेत, सुमारे सातपट! वारा त्या बाजूने आला की हे गणित नाकाला आपोआप कळतं.

विद्यापीठाच्या आवारात फिरायला कुणालाही मज्जाव नाही. फाटक नाही, पहारेकरी नाही. मधोमध हिरवळ आणि तिच्यावर एक उंच घंटाघर. त्यातल्या घंटा सुरांत वाजतात. मार्गारेट स्टँटन या कॉलेजच्या पहिल्या प्राध्यापिकांपैकी. त्यांच्या आठवणीसाठी त्यांच्या पतीने १८९९ मध्ये दहा घंटा दिल्या, आता पन्नास आहेत. जवळच्या तळ्यात १९३५ साली हंसांची जोडी सोडली, तिची नावं लॅन्सलॉट आणि एलेन. पुढे जोड्या बदलल्या, नावं तीच राहिली.

मेमोरियल युनियन नावाच्या इमारतीच्या जमिनीवर आपल्या बारा राशी आहेत. म्हणजे मेष, वृषभ, मिथुन... चक्क! पितळेसारख्या धातूत, उठावाच्या. बांधणाऱ्याचा विचार असा, की येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी त्या झिजत झिजत जमिनीच्या बरोबरीच्या होतील. पण विद्यार्थ्यांत समजूत पसरली, राशींवर पाय पडला की पुढच्या परीक्षेत नापास! मग काय, सगळे वळसा घालून जातात, आणि राशी अजून तशाच उंच. चुकून पाय पडलाच तर उपाय आहे. बाहेरच्या कारंज्यात एक नाणं टाकायचं. हे सगळं कुठे, तर जिथे विज्ञान शिकतात तिथे! मीही वळसा घालूनच गेले हो. परीक्षा नव्हती, तरीसुद्धा.

याच विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या इमारतीच्या तळघरात १९३९ ते १९४२ या काळात जॉन अ‍ॅटानसॉफ आणि त्यांचा विद्यार्थी क्लिफर्ड बेरी यांनी इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र बनवलं. ते टेबलाएवढं होतं आणि वजन तीनशे किलोंवर. युद्धामुळे दोघेही दुसरीकडे गेले, यंत्र धूळ खात पडलं आणि पुढे जागा अडते म्हणून मोडून टाकलं! तीस वर्षांनी, १९७३ मध्ये, न्यायालयाने निकाल दिला की इलेक्ट्रॉनिक गणकयंत्राच्या मुळाशी अ‍ॅटानसॉफ यांच्याच कल्पना होत्या. तळघरातल्या अडगळीला नीट बघून मगच हात लावावा.

पण माझं खरं काम वेगळंच होतं. मी एक प्रश्न घेऊन गेले होते.

आमच्या शाळेत दुपारचा पोषण आहार झाला की मी चौथीला वीस मिनिटं एखादं पुस्तक वाचून दाखवते. त्या वर्षी वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ चालू होतं. तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचलं असेल. गुलामाच्या पोटी जन्मलेला, आईपासून लहानपणी तुटलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. शिक्षणासाठी दारोदार फिरला, एका कॉलेजने तर काळा म्हणून दारातून परत पाठवला. इंडियानोलाच्या सिम्प्सन कॉलेजात तो चित्रकला शिकत होता. त्याच्या चित्रकलेच्या बाई एटा बड यांचे वडील एम्सला फळबागशास्त्राचे प्राध्यापक होते. बाईंनी ओळखलं, या मुलाला झाडांचं अंग आहे. त्यांनी त्याला एम्सला पाठवलं. १८९१ साली कार्व्हर इथे आला. या विद्यापीठातला पहिला काळा विद्यार्थी.

आणि जेवायच्या वेळी त्याला इतर विद्यार्थ्यांबरोबर बसू दिलं नाही. तळघरात, नोकरांबरोबर बसायला लावलं.

इथपर्यंत वाचलं आणि एका मुलीने विचारलं, ‘बाई, मग त्याच्या शेजारी कुणीच जाऊन बसलं नाही?’ आमच्या भागातल्या मुलांना वेगळी पंगत म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. घरातल्या आज्यांनी सांगितलेलं असतं. वर्गात कुणी बोलेना.

बसलं होतं. इंडियानोलाला लिस्टन नावाच्या एक गोऱ्या बाई होत्या, कार्व्हरवर मुलासारखी माया करणाऱ्या. त्यांना हे कळलं. त्या आपला ठेवणीतला पोशाख घालून आगगाडीने एम्सला आल्या, दिवसभर त्याच्याबरोबर सगळ्यांदेखत आवारात फिरल्या, आणि जेवणाची वेळ झाली तेव्हा तळघरात जाऊन त्याच्या शेजारी बसून जेवल्या. भाषण नाही, तक्रार नाही. त्यानंतर लोकांची वागणूक बदलत गेली, अशी कार्व्हरची आठवण होती.

मुलांनी मला बजावलं होतं, ‘बाई, ती जागा बघून या.’ मी गेले तर काय, त्या काळची मुख्य इमारतच १९०० आणि १९०२ च्या आगींत जळून गेलेली. तिच्या जागी आज दुसरी भव्य इमारत आहे. तिच्या पायऱ्यांवर मी बराच वेळ बसून राहिले. कार्व्हरने पाहिलेलं एक घर मात्र शिल्लक आहे. १८६० साली बांधलेलं फार्म हाउस, आवारातली सर्वांत जुनी वास्तू. कार्व्हर १८९४ साली पदवीधर झाला, इथेच शिकवू लागला, पहिला काळा शिक्षक. काचगृहात बुरशीचे आणि झाडांच्या रोगांचे प्रयोग करायचा. एका सहकाऱ्याच्या लहान मुलाला बोट धरून रानात न्यायचा आणि गवतांची नावं शिकवायचा. तो मुलगा, हेन्री वॉलेस, पुढे संकरित मक्याच्या बियाणाचा मोठा जाणकार झाला, आणि १९४१ ते १९४५ अमेरिकेचा उपाध्यक्ष! १८९६ मध्ये कार्व्हर टस्कीगीला गेला, पुढचं तुम्हाला माहीत आहे. आज इथे त्याच्या नावाची मोठी इमारत आहे. १९९४ मध्ये, मृत्यूनंतर एक्कावन्न वर्षांनी, विद्यापीठाने त्याला सन्माननीय डॉक्टरेटही दिली.

कार्व्हर गेल्यानंतर सव्वीस वर्षांनी दुसरा एक मुलगा एम्सला आला. त्याचं नाव जॅक ट्राइस. तो पशुसंवर्धन शिकत होता. शिकून दक्षिणेतल्या काळ्या शेतकऱ्यांना मदत करायची, हे त्याचं स्वप्न. विद्यापीठाच्या खेळांतला तो पहिला काळा खेळाडू. ६ ऑक्टोबर १९२३ ला मिनियापोलिसला मिनेसोटा विद्यापीठाशी सामना होता. सुरुवातीलाच त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं, तरी तो खेळत राहिला. नंतर प्रतिपक्षाचे खेळाडू त्याच्या अंगावरून गेले. दोन दिवसांनी, ८ ऑक्टोबरला, तो गेला. वय अवघं एकवीस. अंत्यविधीच्या आधी त्याच्या कोटाच्या खिशात एक चिठ्ठी सापडली. सामन्याच्या आदल्या रात्री हॉटेलच्या कागदावर त्याने ती स्वतःसाठीच लिहिली होती. आपल्या समाजाची, घरच्यांची आणि स्वतःची अब्रू उद्या पणाला लागली आहे, सगळ्यांच्या आपल्याकडून मोठ्या अपेक्षा आहेत आणि आपण त्या पुऱ्या करू, अशा अर्थाची.

मग लोक त्याला विसरले. व्यायामशाळेत एक पाटी लागली होती, तिच्यावर धूळ बसली. १९७५ मध्ये नवं क्रीडांगण उघडणार होतं. तेव्हा विद्यार्थ्यांनी मागणी केली, याला जॅकचं नाव द्या. मोठ्या मंडळींनी टाळाटाळ केली. आता गंमत बघा, विद्यार्थी तर चार वर्षांनी गाव सोडून जातात. मागणी करणारे गेले, नवे आले, त्यांनी तीच मागणी उचलली. तेही गेले, पुढचे आले. १९८४ मध्ये नुसत्या मैदानाला नाव मिळालं. मुलं गप्प बसली नाहीत. त्यांनी आपल्या पैशांतून जॅकचा पुतळा करवून घेतला. अखेर १९९७ साली सगळ्या क्रीडांगणाला ‘जॅक ट्राइस स्टेडियम’ असं नाव मिळालं. त्यात एकसष्ट हजारांच्या वर माणसं बसतात, जवळजवळ सगळं एम्स!

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पाचवीत गेलेली मुलं आधी माझ्याच वर्गात घुसली. लिस्टनबाईंची जागा जळाली हे ऐकून नाराज झाली. मग ट्राइसची गोष्ट सांगितली. एकाने लगेच बोटांवर हिशेब केला, १९२३ ते १९९७, चौऱ्याहत्तर वर्षं! ‘बाई, एवढा वेळ?’ आणि मग सगळ्यांचं एकच, आम्हाला ते स्टेडियम भरलेलं बघायचंय. मी भावाला कळवलं.

सप्टेंबरात फोटो आला. लाल-पिवळ्या कपड्यांतली साठेक हजार माणसं, मोहरीच्या दाण्यांएवढी. तो मोठा करून छापून आणला आणि वर्गाच्या भिंतीवर लावला. मुलांनी वरची इंग्रजी अक्षरं एकेक करून लावली. जे, ए, सी, के. मग टी, आर, आय, सी, ई. आता रोज मधल्या सुटीत त्या गर्दीत माझ्या भावाला शोधायचं काम चालतं. त्याने कळवलंय, तो डावीकडून तिसऱ्या जिन्याजवळ उभा आहे.